केळीचं आडनाव

शुक्रवार, २० जुलै २०१८

धाकटा भाऊ शेफिल्डला असतो. त्याच्याकडे मी आणि आप्पा तीन आठवडे राहायला गेलो होतो. आईने गुडघ्यांचं कारण पुढे केलं. खरं कारण असं की दोघंही एकदम निघाले तर मृगात लावलेल्या नव्या केळीबागेकडे कोण बघणार? आप्पा पंचाहत्तरीला टेकलेत. सावद्याजवळ आमचा केळीचा बाग आहे, आणि बाग सोडून ते तीन आठवडे राहिले हेच मुळात नवल. लंडन दाखवून झालं होतं. लंडनबद्दल त्यांचं मत एका वाक्यात आटपलं: "माणसं खूप, माती कुठे दिसली नाही."

म्हणून भावाने डर्बीशरमधल्या बासलो गावात एका पबच्या वरच्या दोन खोल्या तीन रात्रींसाठी घेऊन ठेवल्या. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर चॅट्सवर्थ आहे, डेव्हनशरच्या ड्यूकांचं घर. घर कसलं, राजवाडाच. पण आम्हाला बघायची होती ती त्याभोवतीची बाग, एकशे पाच एकरांची. "तिथे आप्पांसाठी एक गोष्ट आहे," भाऊ मला फोनवर म्हणाला, "काय ते बोलू नकोस." त्याला शुक्रवारी सुटी नव्हती, तो शनिवारी सकाळी गाडीने येणार होता. आम्ही दोघं २१८ नंबरच्या बसने निघालो.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडात पाऊसच नव्हता. शेफिल्ड मागे पडलं की बस माळरानावर चढते. पुस्तकांत हे माळ हिरवे-जांभळे असतात, आम्हाला ते आपल्याकडच्या एप्रिलमधल्या बरड्यासारखे दिसले. आप्पा खिडकीतून बघत म्हणाले, "हे इंग्लंड का? हे तर आपलं जामनेरच." पबच्या मालकीणबाईंनी दार उघडताच उकाड्याबद्दल माफी मागितली. पारा तिशीच्या आसपास असेल. जळगावच्या मे महिन्यातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंगावर काढलेला माणूस स्वेटरची वरची गुंडी लावत तिच्याकडे बघून हसला. तिला त्याचा अर्थ लागला असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी गावातून चक्कर मारली. बासलोच्या चर्चला एक गमतीचं घड्याळ आहे. एका तबकडीवर आकड्यांच्या जागी व्हिक्टोरिया राणीच्या नावाची आठ इंग्रजी अक्षरं आणि पुढे १८९७ या सालाचे चार आकडे. आठ आणि चार बारा, हिशेब चोख. राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली त्या निमित्ताने ते केलं. वेळ किती झाली हे मात्र आम्ही हातातल्या घड्याळात पाहिलं.

शनिवार, २१ जुलै

भाऊ आठला हजर झाला. बासलोच्या टोकाला कुरणात शिरणारी पायवाट आहे, ती डरवेंट नदीच्या कडेकडेने थेट चॅट्सवर्थला जाते. अर्ध्या-पाऊण तासाची वाट. दोन्ही बाजूंना मेंढ्या, मधूनच हरणांचा कळप, आणि गवत सगळं वाळून पिवळं. समोरची टेकडी दाट झाडीची. मी म्हटलं, जंगल छान राखलंय. भावाने सांगितलं की जंगल कसलं, हे सगळं मांडलेलं आहे. सतराशे साठच्या दशकात 'केपेबिलिटी' ब्राऊन नावाच्या माणसाने जुन्या आखीव बागा मोडून उतार सारखे केले, नदीचं पात्र रुंद केलं, टेकड्यांवर झाडांचे झुपके लावले, आणि कुणालाही वाटावं की हे असंच होतं. आप्पा थांबले. "म्हणजे एवढा खर्च करून खर्च दिसू द्यायचा नाही?" त्यांच्या सुरात कौतुक होतं की नाही, सांगता येत नाही.

वळणावर घर दिसलं आणि आम्ही तिघंही गप्प झालो. मधाच्या रंगाचा दगड आणि खिडक्यांच्या चौकटींना चक्क सोन्याचा वर्ख. मोठी डागडुजी त्याच वर्षी संपली होती, त्यामुळे सकाळच्या उन्हात डोळे दिपत होते. तिकिटाच्या खिडकीवर घर आणि बाग किंवा नुसती बाग, असे दोन पर्याय होते. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "लोकांच्या घरातली भांडीकुंडी काय पाहायची?" नुसती बाग घेतली. (भावाला घरातली चित्रं बघायची होती. तो अजूनही बोलून दाखवतो.)

आत शिरल्यावर बहुतेक लोक गुलाबांकडे वळतात. आम्ही पाण्याकडे वळलो, कारण आप्पांच्या कानाला पाणी आधी लागतं. टेकडीच्या माथ्यावर दगडी देवडीसारखी एक इमारत आहे आणि तिच्या पायथ्यापासून गवताच्या उतारावर चोवीस टप्प्यांची रुंद दगडी पायरी उतरत येते. तिच्यावरून पाणी घरंगळतं. हा कॅस्केड. १६९६ मध्ये ग्रिले नावाच्या फ्रेंच माणसाने तो बांधला, आणि पुढे थोड्याच वर्षांत मोडून आणखी मोठा केला गेला. प्रत्येक टप्प्याची घडण थोडी वेगळी आहे, त्यामुळे पाण्याचा आवाज बदलत जातो. दोन-तीन ठिकाणी डोळे मिटून उभं राहिलं की ते कळतं. पोरं चड्डी-बनियनवर त्यात डुंबत होती. आप्पांनी बूट काढले, पायजमा वर खोचला आणि पाय सोडून बसले.

"मोटर कुठे आहे?"

मोटर नाही. हेच त्यांना पटेना. आमच्याकडे तापीवरून आणलेली पाइपलाइन आहे, साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आहे, आणि वीज रात्री दोनला येते. पाणी म्हटलं की मोटर, लाइट आणि जागरण, हे त्यांच्या डोक्यात एकत्र बांधलेलं आहे. इथे टेकडीवरच्या माळावर तळी खोदली आहेत, चरांतून माळाचं पाणी त्यांत येतं, आणि तिथून फक्त उताराने सगळ्या बागेला मिळतं. कारंजी, धबधबे, झरे, सगळं उतारावर.

त्याच हिशेबाचं सगळ्यात मोठं गणित म्हणजे घराच्या दक्षिणेचं एम्परर कारंजं. १८४४ मध्ये रशियाचा झार निकोलस येणार अशी वार्ता होती. सहाव्या ड्यूकने ठरवलं की झारच्या स्वतःच्या कारंज्यापेक्षा उंच कारंजं आपल्याकडे हवं. माळावर आठ एकरांचं नवं तळं खोदलं, तिथून नळ खाली आणला, रात्री दिवट्या लावून काम चाललं आणि सहा महिन्यांत पूर्ण झालं. धार दोनशे शहाण्णव फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार आलाच नाही. आम्ही होतो तेव्हा धार तेवढी उंच नव्हती, वाऱ्याने तिचा तुरा एका बाजूला झुकत होता. आप्पांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं, मग टेकडीकडे पाहिलं, मग बोटं मोडत काहीतरी मोजलं. "काय ब्वा, एवढं पानी निस्तं उडवाले," ते म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःच पुस्ती जोडली, "पण नळ बसवला त्याने बरोबर." पुढे १८९३ मध्ये याच पाण्यावर टर्बाइन बसवून घरात वीज आणली, हे सांगितल्यावर त्यांचं थोडं समाधान झालं. पाणी कामाला लागलं होतं.

'त्याने' म्हणजे जोसेफ पॅक्स्टनने. दिवसभर आप्पा त्याच्याबद्दल 'तो माळी' असंच बोलत होते, आणि ते बरोबरच होतं. शेतकऱ्याचा मुलगा, १८२६ मध्ये ड्यूकने त्याला मुख्य माळी नेमला तेव्हा पुरता तेवीसचाही नव्हता. कामावर रुजू झाला त्या दिवसाची हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. लंडनहून घोडागाडीने पहाटे साडेचारला पोचला, फाटक बंद होतं म्हणून चढून आत आला, सगळी बाग पायाखाली घातली, सहाला गडी कामाला लावले, पाण्याचे खेळ सुरू करून पाहिले, मग घराच्या कारभारणीकडे न्याहारीला गेला आणि तिथे तिच्या भाचीच्या प्रेमात पडला. नऊ वाजायच्या आत हे सगळं. पुढे त्या भाचीशीच लग्न केलं. मी हे बाकावर बसून आप्पांना सांगितलं. लग्नाचा भाग त्यांनी सोडून दिला. "सहाला गडी कामाला लावले?" त्यांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे हल्ली साडेनऊला येतात.

दक्षिणेच्या हिरवळीवर लोक घोळक्याने उभे राहून खाली बघत होते. हिरवळ कुठली, वाळलेलं गवतच. पण त्या पिवळ्या गवतावर वेलबुट्टी उमटली होती. गोल, कमानी, वळणदार पट्टे, जणू कुणी रांगोळीचा छाप उठवलाय. ही १६९९ ची बाग. पहिल्या ड्यूकची आखीव फुलबाग पुढच्या काळात गवताखाली गेली होती, ती यंदाच्या दुष्काळाने वर आणली. तीनशे वर्षं मातीखाली असलेला नकाशा पाऊस न पडल्यामुळे दिसावा! बाकीचे लोक फोटो काढत होते, आप्पा मात्र उकिडवे बसले आणि दोन्ही पट्ट्यांवर आळीपाळीने तळवा टेकवून पाहिला. "खाली मुरूम असला की मूळ खोल जात नाही. आधी करपतं तिथलं. आपल्या जुन्या गाडीवाटेवरची केळ नाही का बारीक राहत?" आहे खरी. पन्नास वर्षांपूर्वी नांगरून टाकलेली वाट आमच्या बागेत अजून ओळखू येते, एक ओळ कायम खुजी. इतकी वर्षं मी ती बघत आलेय, कारण कधी विचारलं नव्हतं.

आता वळूया त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी भावाने बेत केला होता.

बागेच्या एका अंगाला आधुनिक काचघर आहे. आतला एक कप्पा उष्ण देशांतल्या झाडांचा. दार ढकललं आणि वाफ चेहऱ्यावर आली. सप्टेंबरमध्ये, पाऊस उघडून ऊन पडलं की आमच्या बागेत दुपारी अशीच कोंदट, ओली हवा असते. आप्पांनी पहिल्यांदा स्वेटर काढला. भाऊ मोबाईल वर धरून पुढे झाला, आप्पांचा चेहरा टिपायचा म्हणून. लेन्सवर वाफ धरली आणि व्हिडिओत पुढचं सगळं दुधाळ धुकं आहे. आवाज तेवढा आलाय.

"अरे. ही त आपलीच केय!"

आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो. एरवी आप्पा चारचौघांत सांभाळून बोलतात, पण तिथे सुटलं.

केळ खुजी होती, रुंद पानांची, बुटकी आणि जाड खोडाची. पाटीवर लिहिलं होतं ड्वॉर्फ कॅव्हेंडिश. आप्पांनी पाटी पाहिलीच नाही. कठड्यापलीकडे वाकून खोड दोन बोटांनी दाबलं. पान उलटं करून खालून पाहिलं, करपा रोग आहे का. बुडाशी किती मुनवे, म्हणजे नवी पिल्लं, फुटलेत ते मोजले. "बसराई," त्यांनी निदान सांगितलं. "आपण सत्त्याऐंशी साली लावायचो ती. आता कुणी लावत नाही, सगळे टिश्यू कल्चरच्या रोपांच्या मागे. बसराईच आहे ही. इथे कशी आली?"

मग भावाने सांगितलं. पाहिलं तर उलटं आहे, आप्पा. हिचं आडनाव इथलं आहे.

दक्षिण चीनमधली ही केळ मॉरिशसमार्गे इंग्लंडात आली होती. १८३० च्या सुमारास पॅक्स्टनने तिचं रोप मिळवलं आणि इथल्या उबघरात लावलं. सांगतात की घरातल्या एका चिनी भिंतीच्या कागदावर त्याने केळ रंगवलेली पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्याच्या डोक्यात होती. भरपूर पाणी, सुपीक माती आणि कोळशाची ऊब. १८३५ च्या नोव्हेंबरात ती निसवली, म्हणजे केळफूल बाहेर पडलं, पुढच्या वर्षी मेपर्यंत घडावर शंभराहून जास्त केळी धरली. ती लंडनच्या बागायती प्रदर्शनात नेली तेव्हा पॅक्स्टनला पदक मिळालं. ड्यूकच्या घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून झाडाला नाव दिलं म्युसा कॅव्हेंडिशी. थोड्या वर्षांनी जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने इथली रोपं सामोआला नेली आणि तिथून ती पॅसिफिकच्या बेटांवर पसरली. आमची बसराई इथून आली असं नव्हे, तिची वाट वेगळी. पण गट तोच. बसराई घ्या, श्रीमंती घ्या किंवा आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन घ्या, जळगाव जिल्ह्यातून जी केळी वॅगन भरभरून दिल्लीला जातात, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती सगळी कॅव्हेंडिश. निर्यातीच्या कागदांवर मी हा शब्द शंभरदा वाचलाय. हे एखाद्या घराचं नाव असेल हे मनात आलं नव्हतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आमच्या पिकाला यांचं आडनाव," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "एका खोडासाठी कोळसा जाळला यांनी. आपल्याकडे पाच बाय पाचवर एकरात साडेसतराशे बसतात."

तेवढ्यात हिरवा अंगरखा घातलेल्या, साठीतल्या एक बाई पाण्याची नळी घेऊन आल्या. बागेत काम करणाऱ्या. आम्ही कठड्याच्या फार आत वाकलोय हे सांगायला आल्या असाव्यात. मी घाईघाईने सांगितलं की वडील केळीचे शेतकरी आहेत. "किती झाडं आहेत?" त्यांनी विचारलं. मी आप्पांना विचारलं, ते म्हणाले, यंदा बारा हजार. बाईंना मी चुकीचं भाषांतर केलं असं वाटलं. पुन्हा सांगितलं, आकडा इंग्रजीत उच्चारून, बोटांवर शून्यं मोजून. त्यांनी नळी खाली ठेवली. पुढची वीस मिनिटं मी दुभाषी. आप्पांनी सांगितलं, मुनवे फार ठेवलेत, सगळे कापा, एकच ठेवा, तोही तलवारीसारख्या अरुंद पानाचा. रुंद पानाचा ठेवू नका, तो नुसता वाढतो. घड धरला की केळफूल मोडून टाका. टेकू द्या. वाळलेली पानं अशी लोंबू देऊ नका. हे शेवटचं सांगताना त्यांनी स्वतःच एक वाळकं पान ओरबाडून काढलंही. बाईंनी खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं. लिहिलेलं पाळलं की नाही, देव जाणे.

पॅक्स्टनचं मोठं काचघर आता नाही. १८३६ ते १८४१ या काळात त्याने बांधलेलं ते 'ग्रेट स्टोव्ह' दोनशे सत्तावीस फूट लांब होतं. आतून घोडागाडी जायची. व्हिक्टोरिया राणी १८४३ मध्ये आली तेव्हा बारा हजार दिवे लावून ते उजळलं होतं. जमिनीखाली आठ बॉयलर, आणि धूर-कोळसा कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून कोळसा आणायला भुयार. पहिल्या महायुद्धात कोळसाही नाही आणि माळीही नाहीत, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. एका दणक्यात पडलंही नाही म्हणे. त्या जागी आता यू झाडांच्या कुंपणाचा भूलभुलैया आहे. आम्ही आत शिरलो, हरवलो, एका सात-आठ वर्षांच्या मुलीने बाहेर काढलं.

एक झाड मात्र मी मनात शोधत होते. पॅक्स्टनने १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला थेट हिंदुस्थानात पाठवलं होतं, ब्रह्मदेशातल्या एका फुलझाडासाठी. गिब्सन कलकत्त्याहून खासी टेकड्यांत हिंडला, ऑर्किडच्या पेट्याच्या पेट्या भरून १८३७ मध्ये परतला, ते झाडही आणलं. पण चॅट्सवर्थला ते फुललंच नाही. इंग्लंडात त्याला पहिला बहर आला तो १८४९ मध्ये, लंडनजवळ लॉरेन्स नावाच्या बाईंच्या बागेत. ते झाड म्हणजे आपली उर्वशी. कॉलेजात असताना भायखळ्याच्या राणीच्या बागेत मी ती पाहिलेली, हंड्या-झुंबरांसारखे लाल घोस खाली सोडलेली. माकडांच्या पिंजऱ्याकडे धावणाऱ्या पोरांतलं एकही मान वर करत नव्हतं.

दुपारनंतर भाजीपाल्याच्या वाफ्यांकडे गेलो. आप्पांना हाच भाग सगळ्यात आवडला, आणि खरं सांगायचं तर मलाही. वाटाण्याचे मांडव काटक्यांचे केलेले, लसणाच्या ओळी दोरी धरून आखल्यासारख्या, कोबीवर जाळी, मध्येच रंगीत फुलं. इथे घराची शोभा कमी आणि हाताचं काम जास्त दिसतं. जवळच एक काचेची लांब भिंत आहे, आत नळांनी ऊब देऊन फळझाडं वाढवायची जुनी सोय. अंजिरं भिंतीला पंख्यासारखी पसरवून बांधलेली. "झाडाला भिंतीला बांधतात का कुठे?" आप्पा म्हणाले, पण कुठे कुठे गाठ मारलीय ते मात्र निरखून पाहिलं.

त्या दिवशी चौदा हजार पावलं झाली, असं भावाचं घड्याळ म्हणालं. रात्री आप्पा झोपेत घोरले नाहीत, इतके दमले होते.

रविवार, २२ जुलै

सकाळी गाडीने हॅडन हॉलला. चॅट्सवर्थपासून जवळच, पण सगळ्याच बाबतीत उलटं. चॅट्सवर्थ दर पिढीने मोडून नवं केलं. हॅडन दोनेकशे वर्षं जवळजवळ रिकामं पडून होतं, म्हणून जुनं राहिलं. विसाव्या शतकात नवव्या रटलंड ड्यूकने ते दुरुस्त केलं. वाय नदीच्या वरच्या बाजूला दगडी गच्च्या एकाखाली एक उतरत जातात आणि भिंतींवर गुलाब. पहिला बहर ओसरला होता, उन्हाने पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, तरी वास होता. इथली डोरोथी नावाची मुलगी सोळाव्या शतकात बागेच्या पायऱ्यांवरून प्रियकराबरोबर पळून गेली अशी दंतकथा आहे, आणि त्या पायऱ्यांवर फोटोसाठी रांग. पायऱ्या त्या मुलीच्या काळानंतरच्या आहेत म्हणतात. रांगेला त्याचं काही नव्हतं. मला हॅडन चॅट्सवर्थपेक्षा जास्त आवडलं. माणसाच्या मापाचं वाटलं. आप्पा सावलीत बसून होते. पाणी नुसतं नदीत होतं, त्यामुळे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं.

परतताना एडन्सरला थांबलो. चॅट्सवर्थच्या कुरणाच्या कडेचं हे छोटं गाव, आणि एकही घर दुसऱ्यासारखं नाही. जुनं गाव घरातून दिसतं म्हणून सहाव्या ड्यूकने उठवून इथे वसवलं. हे ऐकून आप्पांनी कपाळाला आठी घातली. हतनूर धरणात त्यांच्या आत्याचं गाव गेलं, त्यामुळे गाव हलवणं म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको.

चर्चच्या मागे चढावर ड्यूकांच्या कबरी आहेत, साध्या, गवतातल्या. केनेडींची बहीण कॅथलीनही तिथेच, ती या घरची सून होती. आणि खाली पॅक्स्टन. तोवर तो सर झाला होता, खासदारही. १८४९ मध्ये त्याने इथे व्हिक्टोरिया नावाचं ॲमेझॉनचं अवाढव्य कमळ इंग्लंडात पहिल्यांदा फुलवलं, पानावर आपल्या लहान मुलीला उभं केलं, ते बुडालं नाही. त्या पानाच्या खालच्या शिरांची जाळी बघून काच आणि लोखंड कसं जोडायचं याची कल्पना त्याला मिळाली असं तो सांगायचा, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्याची समाधी चांगली मोठी, नक्षीची, ड्यूकांच्या कबरींपुढे डोळ्यांत भरणारी.

आप्पांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "मालकापेक्षा माळ्याची मोठी," ते म्हणाले आणि टोपी काढली. ड्यूकांच्या कबरींपुढे काढली नव्हती.

सोमवार, २३ जुलै

आषाढी एकादशी. आप्पा माळकरी. तरुणपणी मुक्ताबाईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला दोनदा पायी गेलेले. पहाटे उठून खिडकीशी हरिपाठ म्हटला. खालून पबच्या भटारखान्यातला बेकनचा वास येत होता, तरी म्हटला.

सोमवार हा बेकवेलचा बाजारचा दिवस. भाऊ आम्हाला तिथे सोडून कामावर गेला. शेफिल्डची बस दुपारची होती. बेकवेल पुडिंगच्या दुकानांसमोरून आम्ही नुसतेच पुढे गेलो, एक तर त्यात अंडं, त्यातून आज एकादशी. गुरांच्या बाजारात आप्पा पाऊण तास रमले. भाषा कळत नसताना लिलावात मेंढीचा भाव कुठे अडला हे त्यांना माझ्या आधी कळत होतं.

उपासाला काय? साबुदाणा शेफिल्डच्या डब्यात राहिला होता. फळांच्या ठेल्यावर गेलो. पाच केळी एका पौंडाला. आप्पांनी पैसे द्यायच्या आधी एक उचलून देठाकडून पाहिलं, कडांवरून अंगठा फिरवला. "पंच्याहत्तर टक्के पक्व झाल्यावर कापलीय. धारा बघ अजून आहेत." पुलाच्या कठड्यावर बसून सोललं. खाली वाय नदीत मासे स्वच्छ दिसत होते. पहिला घास घेऊन ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या घासानंतर म्हणाले, "गोडी कमी. पिकवणीत घाई केलीय."

आईचा फोन आला. तिकडे साडेचार वाजले होते.

"फराळ केला का?"

"केळी खाल्ली."

"तिथे कुठली मिळाली?"

आप्पांनी सालीवरचं निळं स्टिकर नखाने सोडवलं आणि वाचायला माझ्याकडे दिलं. कोलंबिया, मी म्हटलं.

"कोलंबियाची," आप्पा फोनमध्ये म्हणाले. "आपल्याच जातीची आहेत. पाऊस आला का?"

तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. आप्पांनी स्टिकर बागेच्या नकाशावर, काचघराच्या चौकोनात चिकटवलं आणि अंगठ्याने दाबलं.

"बरं. आणि लाइट? या आठवड्यात दिवसाची आहे का रातची?"